डोंगरातून जगाकडे : विद्यापीठाची सार्वजनिक व्याख्याने आणि जव्हार-मोखाडा

स्मरणिकेतला संस्थेचा इतिहास बहुधा स्थापनेची तारीख, पदाधिकाऱ्यांची नामावली, पाहुण्यांच्या भेटी आणि इमारतींचे उद्घाटन या चार खांबांवर उभा केला जातो. ही माहिती जपायलाच हवी, पण व्याख्यानपरंपरेचा इतिहास तिच्यात मावत नाही. व्याख्यान ही वस्तू नव्हे, तो एक व्यवहार आहे. कोणीतरी कोणाकडून काही जाणून घेतो, त्यावर विचार करतो आणि ते चारचौघांपुढे मांडतो. म्हणून अशा परंपरेला विचारायचा खरा प्रश्न हा की, ज्ञान कोठून घेतले गेले आणि ते कोणापुढे मांडले गेले. मुंबई विद्यापीठाच्या आणि एकूणच महाराष्ट्रातील विद्यापीठीय व्याख्यानांच्या परंपरेकडे पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातून पाहिले, तर या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट दिसते. जगाचा अभ्यास करणाऱ्यांनी या डोंगराकडून पुष्कळ घेतले आहे. परतफेड मात्र त्या मानाने थोडी झाली. आंतरराष्ट्रीय विषयावरचे सार्वजनिक व्याख्यान पूर्ण व्हायचे, तर ज्यांच्या जगण्यातून तो विषय उभा राहिला त्यांच्यापुढे तो मांडला गेला पाहिजे आणि त्यांचे उत्तरही ऐकले गेले पाहिजे. पुढील इतिहास हे म्हणणे पुराव्यानिशी मांडण्यासाठी लिहिला आहे.

सुरुवात विद्यापीठाच्याही आधीपासून करावी लागते. स्कॉटलंडहून १८२९ मध्ये मुंबईत आलेले मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी उत्तर कोकणातील वारली आणि कातकरी यांच्याविषयीचा वृत्तान्त १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. या रानावनांत राहणाऱ्या माणसांची माहिती युरोपातील विद्वानांपर्यंत पोहोचवणाऱ्या आरंभीच्या लेखनात तो मोडतो. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. हेच विल्सन पुढे त्याचे कुलगुरू झाले आणि त्यांच्या नावाने विद्यापीठात भाषाशास्त्रावरची व्याख्यानमाला सुरू झाली. १८७७ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी या मालेत संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर सात व्याख्याने दिली. युरोपात आकाराला येत असलेल्या तुलनात्मक भाषाशास्त्राची पद्धत एका मराठी पंडिताने मुंबईत बसून स्वतंत्र प्रज्ञेने वापरली, हा आपल्या विद्येच्या इतिहासातला अभिमानाचा क्षण आहे. पण त्यातच पुढच्या साऱ्या परंपरेचे स्वरूपही दिसते. ज्या गृहस्थाच्या नावाने ही माला चालली, त्याच्या कीर्तीतला एक धागा वारल्यांच्या पाड्यांवरून आला होता. मालेची भाषा मात्र इंग्रजी होती आणि श्रोता पदवीधर. डोंगरातून निघालेली माहिती लंडनला गेली, तेथून प्रतिष्ठा घेऊन मुंबईला आली आणि मुंबईतच थांबली.

सार्वजनिक व्याख्यानाची दुसरी कल्पना याच काळात मराठी समाजाने स्वतः घडवली. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठाने १८७३ मध्ये आपल्या भिंतींबाहेर, कामगार आणि स्त्रिया यांच्यासाठी विस्तारव्याख्याने सुरू केली. दोनच वर्षांनी, १८७५ मध्ये, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. येथे विषय जगातला असला तरी चर्चेची भाषा मराठी होती आणि ऐकणाऱ्याला पदवी विचारली जात नव्हती. महाराष्ट्रातल्या गावोगावी, तालुक्याच्या वाचनालयांतून आणि गणेशोत्सवांतून ज्या शेकडो व्याख्यानमाला पुढे फोफावल्या, त्यांचे मूळ या पुण्याच्या प्रयोगात आहे. जगाकडे पाहून घरचा प्रश्न सोडवण्याची सवय या व्यासपीठांनी लावली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत १९३९ च्या जानेवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेले काळे स्मृतिव्याख्यान हा त्याचा उत्तम दाखला होय. १९३५ च्या कायद्यातली संघराज्याची योजना तपासताना त्यांनी इतर देशांच्या संघराज्यांशी ती ताडून पाहिली आणि हिंदुस्थानातल्या सामान्य प्रजाजनाच्या स्वातंत्र्याचे तिच्यात काय होणार, हा प्रश्न लावून धरला. संस्थानी प्रजेला प्रतिनिधी निवडण्याचा हक्क नाकारणारे संघराज्य त्यांना मान्य नव्हते. जव्हार तेव्हा मुकणे घराण्याचे संस्थान होते. म्हणजे पुण्याच्या सभागृहात चाललेला तो तौलनिक विचार जव्हारच्या रयतेच्या भवितव्याशी थेट बांधलेला होता. ती रयत तेथे ऐकायला नव्हती, एवढाच त्यातला उणेपणा.

विसाव्या शतकात डोंगराचा अभ्यास विद्यापीठाच्या आत शिरला. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याचे पहिले प्राध्यापक होते स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस. केंब्रिजमध्ये मानववंशशास्त्र शिकून आलेले गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९२४ पासून या विभागाची धुरा वाहिली. त्यांचा महादेव कोळी जमातीवरचा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. जव्हारचे राजघराणे याच जमातीचे. १९३९ मध्ये आदिवासींच्या स्थितीवरचा सिमिंग्टन यांचा सरकारी अहवाल आला. जमीनदार आणि सावकार यांच्या पिळवणुकीची सरकार दरबारी इतकी स्पष्ट नोंद त्याआधी क्वचितच झाली असेल. के. जे. सावे यांचे वारल्यांवरचे इंग्रजी पुस्तक १९४५ मध्ये निघाले. आणि त्याच वर्षी, ज्यांच्याविषयी हे सारे लिहिले जात होते ती माणसे स्वतः बोलू लागली. तलासरीजवळच्या झरी गावी भरलेल्या परिषदेत वारल्यांनी वेठबिगार न करण्याची शपथ घेतली. गोदावरी परुळेकर यांनी त्या लढ्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. झरीची सभा कोणत्याही विद्यापीठाच्या दप्तरात व्याख्यान म्हणून नोंदलेली नाही. तरीही सार्वजनिक भाषणाच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे, कारण शहरातून आलेले विचार आणि डोंगरातला अनुभव तेथे समोरासमोर आले आणि त्यांतून निर्णय झाला. अहवालाने जे नुसते नोंदवले, ते सभेने बदलायला घेतले. विद्यापीठीय व्याख्यानाचे काम लढा उभारण्याचे नाही, हे खरेच. पण श्रोत्याच्या अनुभवाला पुराव्याचा मान द्यावा, हा धडा झरीने दिलेला आहे आणि तो विद्यापीठालाही लागू आहे.

स्वातंत्र्यानंतर हा मान देण्याची चौकट तयार झाली. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्याच नावाची जयकर व्याख्यानमाला त्या विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळातर्फे तालुक्यांच्या महाविद्यालयांतून चालत आली आहे. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण विभागानेही वाचनालये, महाविद्यालये आणि स्थानिक मंडळे यांना हाताशी धरून शहराबाहेर व्याख्याने नेली. जव्हार-मोखाडा या दोन्ही विद्यापीठांच्या शिवेवर आहे. हे दोन तालुके मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात आणि घाट चढून त्र्यंबकला गेले की पुणे विद्यापीठाचे क्षेत्र लागते. जव्हारला १९१८ मध्ये स्थापन झालेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आहे, मोखाड्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचे. दरम्यान आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्याही स्वतंत्र शाखा उभ्या राहिल्या. मुंबई विद्यापीठात १९७१ मध्ये आफ्रिकेच्या अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. सोव्हिएत संघाच्या अभ्यासाचे केंद्र निघाले आणि तो संघ विसर्जित झाल्यानंतर त्याचे मध्य युरेशियाच्या अभ्यासकेंद्रात रूपांतर झाले. त्याच १९७१ मध्ये पुण्यात डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी परदेशी विद्यार्थ्यांचे एकटेपण ओळखून सिंबायोसिसची स्थापना केली. परक्या देशाचा माणूस आधी घरच्यासारखा भेटावा, मग त्याच्या देशाचा अभ्यास व्हावा, हा तिथला विचार होता आणि सांस्कृतिक कार्यक्रम त्याच विचाराचे साधन होते. म्हणजे १९७१ पर्यंत तीन गोष्टी महाराष्ट्राच्या हाती आल्या होत्या : जगाचा अभ्यास करणारी केंद्रे, विद्यापीठ गावापर्यंत नेणारी बहिःशाल यंत्रणा आणि संस्कृतीतून परिचय घडवणारी पद्धत. या तिन्ही आपापल्या जागी वाढल्या. त्या एकत्र येण्याची सर्वांत मोठी गरज आणि सर्वांत मोठी संधी जव्हार-मोखाड्यासारख्या भागात आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो विषयाच्या अंतराचा. आफ्रिका, जिनिव्हा किंवा न्यू यॉर्क येथे काय चालते याच्याशी खोडाळ्याच्या किंवा सूर्यमाळच्या शेतकऱ्याला काय करायचे आहे, असे विचारले जाते. या प्रश्नाचे उत्तर त्याच शेतकऱ्याच्या शेतात आहे. वरकस जमिनीवर, डोंगरउतारावर पिकणारी नाचणी हा या भागाच्या जेवणाचा आधार आहे. नाचणीचे मूळ पूर्व आफ्रिकेच्या, म्हणजे इथिओपिया-युगांडाकडच्या उंच प्रदेशात आहे. तेथून ती हजारो वर्षांपूर्वी भारतात आली आणि सह्याद्रीच्या उतारावर अशी रुजली की आज ती परकी आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. या भागातल्या वाड्यांत लावलेला काजू मूळचा ब्राझीलचा, तो पोर्तुगीजांबरोबर आला. आंबा-काजूच्या याच वाड्या लावण्यासाठी नाशिक आणि त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील आदिवासी भागात नाबार्डमार्फत जो कार्यक्रम राबवला गेला, त्याला जर्मनीच्या विकास बँकेचे साह्य होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले, तेव्हा भारतानेच त्यासाठी पुढाकार घेतला होता. अशा वेळी आफ्रिकेच्या अभ्यासकाने मोखाड्यात येऊन युगांडातला शेतकरी नाचणी कशी पेरतो, कशी साठवतो, बाजारात तिला काय मान मिळतो हे सांगितले, तर ते दूरच्या देशाचे कौतुक ठरणार नाही. दोन समव्यवसायी शेतकऱ्यांमधला तो संवाद होईल. आणि राब भाजण्याची, रोप लावणीची, वाण जपण्याची येथली रीत त्या अभ्यासकाने ऐकली, तर त्याचेच ज्ञान वाढेल. आफ्रिका अभ्यास केंद्राला नाचणीच्या दुसऱ्या घराची ओळख याहून चांगली कोठे होणार?

दुसरा पुरावा वेदनेचा आहे आणि तो बाजूला ठेवून या भागाविषयी काही बोलणेच अप्रामाणिक ठरेल. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली आणि साऱ्या महाराष्ट्राला जव्हारचे नाव त्या दुःखातून कळले. त्यानंतर किती अहवाल लिहिले गेले, किती योजना आल्या. अंगणवाडीत आजही बाळाचे वजन घेतले जाते आणि ते एका वक्ररेषेवर मांडले जाते. ती वक्ररेषा जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांची आहे. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील बालकांच्या वाढीच्या मोजणीवर ती उभी आहे. भारताची त्यातली मुले दक्षिण दिल्लीतील सुस्थितीतल्या कुटुंबांतली होती. पोषण, स्तनपान आणि आरोग्य नीट असेल तर पहिल्या पाच वर्षांत साऱ्या जगातली मुले जवळपास सारखी वाढतात, हा त्या अभ्यासाचा निष्कर्ष. मोखाड्याच्या आईच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा आहे. आपले मूल लहानखुरे आहे ते आपल्या जातीचे, वंशाचे किंवा नशिबाचे लक्षण नाही. त्याला जे मिळायला हवे होते ते मिळाले नाही, असे ही रेघ सांगते. हा निष्कर्ष तिला तिच्या बोलीत कोणी सांगितला, तर अंगणवाडीचा तक्ता नुसता सरकारी कागद राहत नाही, तो तिच्या हक्काचा पुरावा बनतो. या मानकांवर तज्ज्ञांमध्ये मतभेदही आहेत. सगळ्या समाजांना एकच मोजपट्टी लावावी का, उंची कमी असण्याला पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार किती कारणीभूत, असे प्रश्न विचारले जातात. तो वादही तिच्यापुढे मांडला पाहिजे. ज्या रेघेने तिच्या मुलाचे मोजमाप होते, त्या रेघेवरची चर्चा तिला वगळून करण्याचा अधिकार कोणत्याच विद्यापीठाला नाही.

तिसरा पुरावा राजकीय आहे. दर वर्षी ९ ऑगस्टला पालघर जिल्ह्यात ठिकठिकाणी जागतिक आदिवासी दिन साजरा होतो. मिरवणुका निघतात, तारपा वाजतो, पारंपरिक पोशाख घातले जातात, सभा होतात. हा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९९४ मध्ये ठरवला. मूळनिवासी लोकसमूहांविषयीच्या कार्यगटाची पहिली बैठक १९८२ मध्ये याच तारखेला झाली, त्याची ही आठवण. आंतरराष्ट्रीय घडामोडीचा इतका मोठा लोकोत्सव महाराष्ट्रात दुसरा शोधून सापडणार नाही, आणि तो कोणत्याही विद्यापीठाने सुरू केलेला नाही. लोकांनीच तो आपला मानला. त्याच्यामागचा इतिहास मात्र समजून घेण्याजोगा आहे. आदिवासी आणि टोळीसमाजांविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५७ चा करार भारताने १९५८ मध्ये मान्य केला. त्या कराराचा रोख या समाजांना मुख्य प्रवाहात सामावून घेण्यावर होता. १९८९ च्या नव्या कराराने तो रोख बदलून त्यांच्या वेगळेपणाचा आणि स्वनिर्णयाचा आदर केला, पण तो भारताने स्वीकारलेला नाही. १३ सप्टेंबर २००७ रोजी मूळनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा आमसभेत आला, तेव्हा १४४ देशांनी बाजूने मत दिले आणि त्यांत भारत होता. विरोधात होते अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. बाजूने मत देतानाही, सगळेच भारतीय या भूमीचे मूळनिवासी आहेत, अशी भूमिका आपल्या सरकारने कायम ठेवली. देशात मात्र १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला आणि वनजमीन कसणाऱ्याला हक्क दिले. हे दोन्ही कायदे जव्हार-मोखाड्याच्या रोजच्या व्यवहारातले आहेत. जगातला जाहीरनामा, दिल्लीतली भूमिका आणि पाड्यावरची ग्रामसभा यांचे नाते उलगडून सांगणे हाच आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा गाभा आहे. त्यासाठी श्रोते जमवायला नकोत; ९ ऑगस्टला ते जमलेलेच असतात.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. या भागाला आधी पाणी हवे, रोजगार हवा, दवाखाना हवा. व्याख्याने ही पोटभरल्यांची चैन आहे. हा आक्षेप कळकळीतून येतो आणि त्यातले पहिले वाक्य पूर्ण खरे आहे. पावसाळ्यात धो धो पाऊस पडणाऱ्या मोखाड्यात उन्हाळ्यात टँकरने पाणी आणावे लागते. वैतरणेचे पाणी मात्र याच डोंगरांच्या परिसरातल्या धरणांत अडवून मुंबईला नेले जाते. मोडकसागर आणि मध्य वैतरणा ही धरणे मुंबईचा नळ चालवतात. पण याच उदाहरणातून आक्षेपाचे दुसरे वाक्य कोसळते. आपल्या शिवारातले पाणी कोठे जाते, कोणत्या करारानुसार जाते, जगात इतरत्र डोंगरातली माणसे आणि सखल भागातली शहरे यांनी पाण्याचा वाटा कसा ठरवला, हे ज्याला माहीत नसते त्याला आपला वाटा मागताही येत नाही. ज्ञान हे पाण्याच्या आधीचे की नंतरचे, असा क्रम लावणेच चुकीचे आहे. पाणी मागण्याची ताकद ज्ञानातून येते. शिवाय हा क्रम नेहमी गरिबांनाच लावला जातो. शहराच्या श्रोत्याला सभागृहाच्या दारात कोणी विचारत नाही की त्याच्या घरचे सगळे प्रश्न सुटले आहेत का. जव्हार-मोखाड्याच्या माणसाला तो विचारला जाऊ नये. आणि मुंबईच्या विद्यापीठाने तर तो कधीच विचारू नये, कारण ज्या शहरात ते उभे आहे ते या डोंगरांच्या पाण्यावर जगते.

सांस्कृतिक कार्यक्रमांविषयीचा आक्षेप निराळा आहे आणि तो आपल्याला सावध करणारा आहे. जिवंत विधी व्यासपीठावर आणला की त्याचा देखावा होतो. तारपा नाच पाहुण्यांच्या स्वागतापुरता उरतो. हे घडलेले आहे, त्यामुळे आक्षेप मान्य करूनच पुढे जायला हवे. वारली चित्रकलेचा इतिहास यात मार्ग दाखवतो. लग्नघरी सवाष्णींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहायचा, त्यात पालघाट देवी बसवायची, ही ती कला. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी ती कागदावर उतरवायला उत्तेजन दिले. शेजारच्या डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये पॅरिसच्या गाजलेल्या जागतिक कलाप्रदर्शनात त्यांची चित्रे होती, २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या बरोबरीने त्यांचे प्रदर्शन झाले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जपानमधल्या मिथिला संग्रहालयानेही वारली चित्रकारांना बोलावून घेतले. या प्रवासात काही हरवले : चौक लिहिणाऱ्या बायकांचे नाव मागे पडले, विधीचा संदर्भ विरळ झाला. पण काही मिळालेही. वारली माणूस नमुना म्हणून पाहिला जात होता, तो कलावंत म्हणून जगापुढे उभा राहिला. भौगोलिक मानांकनाने या कलेच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि हा कायदाही जागतिक व्यापार संघटनेच्या करारातून आलेला आहे. म्हणून मार्ग कार्यक्रम बंद करण्याचा नाही, कार्यक्रमाच्या अटी बदलण्याचा आहे. मोखाड्याचा बोहाडा घ्या. देवादिकांची आणि रामायण-महाभारतातल्या पात्रांची सोंगे, लाकडाचे आणि कागदाच्या लगद्याचे मुखवटे, संबळाचा ताल, टेंभ्यांचा उजेड आणि ठरलेल्या घराण्यांकडे असलेला सोंगांचा मान, हे सारे गावाच्या देवीसाठी आणि गावाच्या तिथीला होते. त्याला विद्यापीठाच्या महोत्सवात ओढून आणू नये. अभ्यासकानेच बोहाड्याच्या तिथीला गावात जावे. जपान, इंडोनेशिया किंवा पश्चिम आफ्रिका यांच्या मुखवटानाट्यांविषयी तो जे सांगेल, ते सोंग नाचवणाऱ्यांनी ऐकावे आणि मुखवट्याखाली देव कधी येतो, कधी येत नाही, हे त्यांच्याकडून त्याने ऐकावे. आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक कार्यक्रम त्यालाच म्हणता येईल.

उरला प्रश्न भाषेचा आणि वेळेचा. अवघड विषय सोपा केला की तो उथळ होतो, अशी भीती काही विद्वानांना वाटते. रानड्यांच्या काळापासून मराठी व्याख्यानपरंपरेने ती खोटी ठरवली आहे. अर्थशास्त्र, इतिहास आणि कायदा हे विषय मराठीत आणल्याने उथळ झाले नाहीत; उलट सामान्य श्रोत्याच्या प्रश्नांनी वक्त्यांना आपले म्हणणे अधिक नेमके करावे लागले. जव्हार-मोखाड्यात आणखी एक पायरी आहे. प्रमाण मराठी आणि वारली, कातकरी, ठाकरी, कोकणा, महादेव कोळी यांच्या बोली यांत अंतर आहे. हे अंतर भरून काढणारी माणसे बाहेरून आणावी लागत नाहीत. दोन्ही तालुक्यांच्या महाविद्यालयांत शिकणारी, घरी बोली आणि वर्गात मराठी बोलणारी पहिल्या पिढीची मुले-मुली हे काम करू शकतात, आणि ते करताना स्वतः आंतरराष्ट्रीय विषयांचे अभ्यासक होऊ शकतात. वेळेचा प्रश्न त्याहून साधा, पण दुर्लक्षिला गेलेला. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की येथली कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर, वसई-भिवंडीकडे, जगायला जातात आणि शिमग्याला परततात. विद्यापीठांचा व्याख्यानांचा हंगाम नेमका त्याच महिन्यांत भरात असतो. शहराचे वेळापत्रक डोंगरावर लादले तर सभा रिकाम्या राहणारच, आणि त्या रिकाम्या खुर्च्या दाखवून येथे श्रोता नाही असा निष्कर्ष काढला जाईल. वेळापत्रक शिमग्यानंतरचे आणि आवणी संपल्यानंतरच्या श्रावण-भाद्रपदातले असले पाहिजे. शिवाय स्थलांतर करणाऱ्यांपर्यंत भट्टीवर जाऊन पोहोचणे हेही बहिःशाल शिक्षणाच्या मूळ कल्पनेत बसणारेच काम आहे. ती यंत्रणा निघालीच मुळी कामकऱ्यांसाठी.

संस्थेच्या इतिहासाचा उपयोग पुढचा टप्पा ठरवण्यासाठी असतो. विल्सन ते घुर्ये हा पहिला टप्पा झाला. त्यात विद्यापीठाने डोंगराविषयी जगाला सांगितले. बहिःशाल व्याख्याने आणि तालुक्यांची महाविद्यालये हा दुसरा. त्यात विद्यापीठ डोंगराच्या पायथ्याशी येऊन पोहोचले. तिसऱ्या टप्प्यात आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या केंद्रांनी आपल्या वार्षिक व्याख्यानांतला ठरलेला वाटा जव्हार-मोखाड्यात, मराठीत आणि बोलीत, येथल्या ऋतुमानाप्रमाणे द्यावा. या भागाविषयी झालेले सर्व संशोधन, प्रबंध आणि अहवाल यांच्या प्रती आणि त्यांचे मराठी सार येथल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ठेवावे. प्रत्येक व्याख्यानानंतर श्रोत्यांनी दिलेले उत्तर, त्यांनी दाखवलेल्या उणिवा आणि सांगितलेले अनुभव व्याख्यानाच्या छापील आवृत्तीत त्यांच्या नावानिशी समाविष्ट करावेत. तसे केल्याने डोंगरावर उपकार होणार नाहीत. पावणेदोनशे वर्षे येथून घेतलेल्या ज्ञानाचा तो न्याय्य हिशेब असेल. आणि विद्यापीठालाही त्यातून काही मिळेल. ज्यांचे जगणे जगातल्या करारांनी, पिकांनी, मानकांनी आणि बाजारांनी घडवले आहे अशा माणसांच्या प्रश्नांना तोंड दिल्याशिवाय आंतरराष्ट्रीय अभ्यासाची पारख होत नाही. ती पारख करून घेण्याची तयारी दाखवणारी संस्था आपल्या पुढच्या स्मरणिकेत वक्त्यांच्या यादीबरोबर श्रोत्यांचा इतिहासही लिहू शकेल, आणि तिच्या कार्याचे मोल ठरवण्याचा अधिकार त्या श्रोत्यांचाच असेल.